दहा मिनिटांचा ताळा

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत माझं काम घंटेचं.
गायकाला बारा मिनिटं, वादकाला दहा.
दोन उरली की पिवळा दिवा,
संपली की टोल. पितळी घंटा, शाळेतून उसनी आणलेली,
जिचा सूर कुठल्याच पट्टीत बसत नाही.

एकतीस वर्षं एजी ऑफिसात
दुसऱ्यांच्या पैशांचा ताळा जुळवला,
म्हणून संयोजक म्हणाले, कोरान्ने,
तुमच्याइतका कोरडा माणूस अख्ख्या लष्करात नाही.
हे कौतुक होतं. मी तसंच घेतलं.

जानेवारी. फुलबागेपर्यंत धुकं.
हॉलमध्ये दोन हीटर, दोन्ही परीक्षकांच्या पायांशी.
सकाळी रॉटरडॅमच्या बाईंनी तीन सप्तकं अशी काढली
जसा दिवाळीआधी माळा झाडावा.
कोलंबोचा मुलगा तबल्यावर घामाघूम, त्या थंडीत.
मी पाटीवर खडूने मिनिटं लिहीत होतो, पुसत होतो.

क्रमांक सव्वीस. यशवंती बाबाजी, मॉरिशस. सतार, मारवा.
रत्नागिरीहून जहाजात चढलेल्या कुणा बाबाजीचं नाव
पाच पिढ्यांनी आडनाव होऊन आलेलं.
तिने नमस्कार केला, मी घड्याळ सुरू केलं
आणि खुंटी सरकली.

समुद्राकाठचं लाकूड ते, ओल पिऊन फुगलेलं,
आमच्या सुक्या थंडीत एका रात्रीत आक्रसलं.
ती पिळायची, तार चढायची,
हात काढला की हळूच खाली,
प्रवासात झोपलेल्याची मान कलंडावी तशी.
नियम नऊ: तारा जुळवण्याचा वेळ वादनातच धरला जाईल.
टाइप करून मीच दिला होता.

तिसरं मिनिट. चौथं.
माइककडे वाकून ती म्हणाली,
"जरा थांबा हं. ही ऐकत नाय."
आमची मराठी हिंदीच्या खांद्याला टेकून बसलेली,
तिची खाऱ्या पाण्यात मुरलेली.
पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.

सहाव्या मिनिटाला मी उठलो.
वेळाधिकाऱ्याने खुर्ची सोडू नये,
हा बहुधा नियम चौदा.
तिच्यापुढे खडू धरला.
तिने वर पाहिलं नाही. खुंटी काढली, खडू घासला,
पांढरी पूड जांभळ्या रेशमावर,
खुंटी बसवली, पिळली, हात काढला.

राहिली.

पिवळा दिवा लागला तेव्हा तरफा उरल्या होत्या.
एकेक जागी करत गेली,
पाहुणे आल्यावर पोरांना उठवावं तशी.
नऊ मिनिटं वीस सेकंदांवर मारवा सुरू झाला.

निषाद. कोमल रिषभ, लांबून चालत आलेला.
गंधारावर जरा टेकली.
मारव्यात षड्ज उशिरा वाढतात, उपाशी ठेवतात माणसाला,
एवढं मला कळतं. (लहानपणी तीन वर्षं शिकलो,
हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं.)
पुन्हा रिषभ. पुन्हा निषाद.
सगळा हॉल एका पायावर.
माझ्या हातात हातोडी.
काटा.

वाजवली.
दहा मिनिटं, शून्य सेकंद.

तळहाताने तिने तारा शांत केल्या.
जाताना खडू परत दिला. "मोठे उपकार," म्हणाली,
घंटा वाजवणाऱ्याला.

नोंदवहीत रकाना: वादनाचा कालावधी.
दहा मिनिटं लिहिलं, खोडलं.
चाळीस सेकंद लिहिलं, खोडलं.
सत्ताविसावा क्रमांक मंचावर येऊन बसला होता.

रात्री टमटममध्ये कानांना मफलर.
शिंदे की छावनी गेली, जिन्सी नाला गेला,
तो निषाद ओठांआड तसाच,
त्याला वरची पायरी सापडेना.
ड्रायव्हरने मान वळवली,
"बाबूजी, उतरना कहाँ है?"

दौलतगंज कधीच मागे पडलं होतं.